पडण्याच्या घटना : निरंक

बाईंनी मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी डायपर घालायला लावलं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या खापरहून सकाळची एसटी पकडून, इस्त्रीचा पांढरा युनिफॉर्म पिशवीत घडी करून मी नंदुरबारला आले होते. नर्सिंगचा कोर्स नुकताच संपला होता. आता कुणीतरी खुर्ची देईल, काम समजावून सांगेल, निदान चहा तरी विचारेल, अशी माझी समजूत. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, कपाटातून एक डायपर काढून माझ्या हातात ठेवलं आणि खिडकीजवळचा रिकामा पलंग दाखवला.

"हे घाल आणि तिथे जाऊन झोप. संध्याकाळपर्यंत उठायचं नाही. काही लागलं तर हाक मार. कुणी आलं तर तुझं नशीब."

मला वाटलं, थट्टा करतायत. बाई थट्टा करत नसत. मी दिवसभर त्या पलंगावर पडून होते. पाण्याचा पेला खिडकीत ठेवलेला, हात पुरत नव्हता. ट्यूबलाइट सरळ डोळ्यांत. दुपारी एका आयाने मला खिचडी भरवली. ती उभी होती, कानाला मोबाइल होता, आणि पहिला घास गिळायच्या आत दुसरा चमचा माझ्या ओठांवर येऊन टेकत होता. मी नको म्हटलं तर तिने "खाई ले ना वं" म्हणून तो आत ढकलला. संध्याकाळी बाई आल्या आणि सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "वापरलंस का?" मी मान खाली घातली. "मग त्यात किती वेळ तशीच पडून होतीस?" मला रडू फुटलं. बाई म्हणाल्या, "रड. पण हे विसरलीस तर त्या दिवशी तुला हाकलून देईन." मग त्यांनी त्या आयाला बोलावून अशी झापली की तिच्याऐवजी मलाच कापरं भरलं. "उभं ऱ्हाईसन चारा टाकतस वं, घास नही!" हे झाल्यावर आम्हा दोघींना चहा मिळाला. त्यात मीठ होतं. बाई तसाच प्यायच्या आणि दुसऱ्यांनाही तसाच पाजायच्या.

हा प्रकार प्रत्येकाचा व्हायचा. क्लार्कचा झाला, ड्रायव्हरचा झाला, स्वयंपाकिणीचा झाला. झाला नाही तो फक्त अध्यक्षांचा. दर मीटिंगच्या शेवटी बाई वही मिटत विचारायच्या, "अध्यक्षसाहेब, तुमचा पलंग केव्हा लावू?" अध्यक्ष हसायचे. ते हसणं मी विसरलेले नाही.

संस्थेचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर अध्यक्षांना आनंदच होईल, नाव छापून आलेलं त्यांना कुठेही चालतं. म्हाताऱ्या, आजारी, अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं शुश्रूषागृह म्हणून कागदावर नोंद आहे. गावात सगळे वृद्धाश्रमच म्हणतात. नंदुरबारच्या बाहेर, मिरचीच्या पथारीला लागून आमची इमारत. पथारी म्हणजे उघडं मैदान. हंगामात व्यापारी तिथे ओली लाल मिरची वाळत घालतात, आणि बायका दिवसभर बसून देठ खुडतात. वारा आमच्या बाजूला वळला की सगळा वॉर्ड शिंकायला लागतो. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी 'रहिवाशांमध्ये खोकल्याचे प्रमाण लक्षणीय' असं लिहायला घेतलं तेव्हा ते स्वतःच नाकाला रुमाल लावून बसले होते. बाई म्हणाल्या, "साहेब, तुमचा खोकला कोणत्या रकान्यात घालू?"

बाई सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त होऊन इथे प्रमुख म्हणून आलेल्या. उंच, हाडकुळ्या, कडक स्टार्चची साडी आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. आवाज असा की पथारीवरच्या बायका काम थांबवून बघायच्या. त्यांना कुणी 'मॅडम' म्हटलेलं चालत नसे. 'मॅडम' म्हटलं की त्या मागे वळून बघायच्या, जणू मागे कुणी दुसरंच उभं आहे, आणि 'बाई' म्हणेपर्यंत उत्तर द्यायच्या नाहीत. त्या काही साध्वी नव्हत्या. राग धरून ठेवायच्या. एका आयाला त्यांनी एवढ्या तेवढ्यावरून इतकं बोलून घेतलं की ती नोकरी सोडून गेली, आणि ती बिचारी चांगली होती. एक वेळ सोडली तर स्वतःचं चुकलं असं बाईंच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तरीसुद्धा आज कुणी त्यांच्याबद्दल वाईट बोललं की माझं डोकं फिरतं.

बाई यायच्या आधी आमच्या वॉर्डात फार शांतता असायची म्हणे. तपासणीच्या फॉर्मवर 'वातावरण' असा एक रकाना आहे, आणि 'शांत' लिहिलं की त्याचे पूर्ण गुण मिळतात. भिंतीवर तक्रारपेटी होती. ती दाराच्या चौकटीवर ठोकलेली. व्हीलचेअरमधल्या माणसाचा हात तिथे सात जन्मांत पोचणार नाही. आत चिठ्ठी टाकायची तर लिहिता यायला हवं, पेन हवं, डोळे हवेत. किल्ली अध्यक्षांच्या घरी. 'प्राप्त तक्रारी : निरंक.' त्याचेही पूर्ण गुण.

बाईंनी आल्या आल्या रोज सकाळी चहाच्या आधी वॉर्डाच्या मधोमध उभं राहून विचारायला सुरुवात केली, "बोला, आज कोन शिव्या दी ऱ्हायनं?" जो पहिली तक्रार करेल त्याला पहिला चहा. पहिले काही दिवस कुणी तोंड उघडलं नाही. इतकी वर्षं गप्प बसल्याबद्दल शाबासकी मिळालेली माणसं एकदम कशी बोलणार? मग एका म्हातारीने कपात बोट घालून बघितलं आणि म्हणाली, "हाई चाय शे का गटारनं पानी?" बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून वॉर्डात सकाळी जो कल्ला सुरू झाला तो झालाच. वरण पातळ, पंखा कुरकुरतो, शेजारचा घोरतो, सिस्टरचे हात गार असतात. हे शेवटचं माझ्याबद्दल. बाई मला म्हणाल्या, "मग गरम कर, हात आहेत की नाही तुला?" त्या वर्षी तपासणीत वातावरणाचे गुण कापले गेले. 'गोंगाट' असा शेरा आला. बाई तो शेरा सगळ्यांना वाचून दाखवत फिरल्या.

आमच्याकडे वाढदिवस फार. आमच्या म्हाताऱ्यांचे नव्हेत. त्यांचे कुणाला माहीतच नसायचे. गावातल्या पुढाऱ्यांचे, त्यांच्या मुलांचे, एकदा तर कुणाच्या तरी नव्या गाडीचा. टेम्पोतून केळी यायची, मागून फोटोवाला. म्हातारी झोपलेली असली तरी तिला हलवून उठवायचं, हातात केळं द्यायचं, तिच्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्यात बघायचं. बाईंनी फाटकातच नेलकटरचा डबा ठेवला. "फोटो काढायचा ना? आधी एका माणसाची नखं काढा. पायाची." पायाची नखं म्हणजे काय असतात हे ज्याने म्हाताऱ्या माणसाची बघितली आहेत त्यालाच कळेल. जाड, पिवळी, आत वळलेली. पांढऱ्या कपड्यांतला एक तरुण कार्यकर्ता एका आजोबांचा पाय मांडीवर घेऊन बसला, आणि आजोबांनी ओरडून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फोटो निघाला नाही. पण खरं सांगते, तो मुलगा परत आला, एकटा, आणि पुन्हा येत राहिला. बाकीच्यांनी केळी दुसऱ्या संस्थेत वाटायला सुरुवात केली. अध्यक्ष बाईंवर खवळले. देणगीदार तुटतायत, म्हणाले. बाई म्हणाल्या, "केळ्यांनी जुलाब होतात, ते तुम्ही धुता का?"

या सगळ्यात मला सर्वात जास्त चीड कशाची आली ते सांगते. समाधानाची. 'रहिवासी समाधान' असं एक सर्वेक्षण होतं. तरुण पोरं टॅब घेऊन यायची आणि प्रत्येक पलंगाशी थांबून प्रश्न विचारायची. जेवण आवडतं का, झोप लागते का, कर्मचारी नीट वागतात का. सातपुड्यातल्या एका पाड्यावरचे एक बाबा आमच्याकडे होते. पावरी बोलणारे. मराठी त्यांना चार शब्दांपलीकडे येत नव्हती. प्रत्येक प्रश्नाला त्यांनी मान हलवून "हा साहेब, हा साहेब" म्हटलं. सगळ्या वॉर्डात सर्वाधिक समाधानी म्हणून त्यांचा आकडा वर आला आणि अध्यक्षांनी तो मीटिंगमध्ये वाचून दाखवला. बाईंनी मला मीटिंगमधूनच उठवलं. "तू त्याच बाजूची ना? जा, विचार त्याला."

मला पावरी मोडकीतोडकी येते. मी बाबांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि विचारलं. आधी ते माझ्याकडे संशयाने बघत राहिले. मग बोलायला लागले ते थांबेनात. त्यांना या उंच पलंगाची भीती वाटत होती. जन्मभर जमिनीलगत, चुलीच्या उबेला झोपलेला माणूस. ते खाली उतरून झोपायचे आणि आमच्या आया त्यांना उचलून वर टाकायच्या, पलंगाचे कठडे लावायच्या, वर ओरडायच्या. आल्यापासून त्यांना धड झोप नव्हती. गहू पचत नव्हता, मक्याची भाकरी हवी होती. मी म्हटलं, मग साहेबांना हा कशाला म्हणालात? बाबांना माझा प्रश्नच कळला नाही. पँटवाला साहेब काही विचारतो तेव्हा दुसरं काय म्हणायचं असतं, असं त्यांनी मलाच विचारलं. बाईंनी त्याच दिवशी त्यांचा पलंग काढून टाकला आणि खाली जाड गोधडी घातली. मक्याचं पीठ आणलं. पुढच्या तपासणीत 'एका रहिवाशास पलंग उपलब्ध नाही' म्हणून गुण गेले.

आता ते कठडे. पलंगाच्या दोन्ही बाजूंचे लोखंडी कठडे. फॉर्मवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत विचारतात, 'पडण्याच्या घटना किती?' म्हातारं माणूस पडणं वाईट, ते मलाही कळतं. पण पडू न देण्याचा सगळ्यात सोपा उपाय काय असतो, तेही मला कळतं. बाई येण्याआधी आमच्याकडे आलेल्या प्रत्येक माणसाची काठी आणि चप्पल दारातच काढून घेत. कठडे वर, माणूस आत. बाईंनी आल्यावर कोठीघर उघडलं तर काठ्यांचा भाराच सापडला, बाभळीच्या, बांबूच्या, एक पितळी मुठीची. चालती माणसं अशी पलंगात घालून न चालती केली होती आणि त्याबद्दल संस्थेला दरवर्षी शाबासकी मिळत होती. बाईंनी काठ्या परत वाटल्या. पडून पडून पाठीवर जखम झालेल्या एका आजोबांना त्यांनी तपासणीवाल्यांसमोर कुशीवर वळवलं आणि म्हणाल्या, "हे मोजा." साहेबांनी तोंड फिरवलं.

मग एक नवे साहेब आले. अंगाने भरलेले, वागायला सभ्य. पलंगांचे कठडे वर का नाहीत म्हणून त्यांनी हरकत घेतली. बाई एकदम मऊ झाल्या. तिथेच मला शंका यायला हवी होती. "साहेब, कठडे जरा सैल वाटतात. तुम्ही एकदा आडवे होऊन बघता का?" साहेब भला माणूस, झाले आडवे. बाईंनी दोन्ही कठडे वर केले, खिटी लावली, साहेबांचे बूट उचलले, चष्मा "पुसून आणते" म्हणून काढून घेतला, आणि आम्हाला सगळ्यांना डोळ्यांनी बाहेर काढलं. आम्ही पडवीत खारट चहा घेतला. आतून आधी "अहो बाई" आलं, मग "अहो कुणी आहे का", मग नुसतं "ए". वॉर्डातली म्हातारी माणसं ते मन लावून ऐकत होती. एक म्हातारी म्हणाली, "आम्हीन बी आशेच बोंबलतस भाऊ. कोनी येत नही." मग धप्प आवाज आला. साहेब कठड्यावरून पाय टाकून उतरायला गेले आणि गुडघ्यांवर आले. फारसं लागलं नाही. बाईंनी बूट पुढे ठेवले, चष्मा दिला, आणि फॉर्मवर बोट ठेवून म्हणाल्या, "लिहा. एक."

साहेबांनी फॉर्म पूर्ण भरला. त्या रकान्यात त्यांनी 'निरंक' लिहिलं. स्वतः पडलेला माणूस, पँटला धूळ लागलेली, आणि लिहितो निरंक. आम्ही सगळे हसलो. बाई हसल्या नाहीत.

कोरीट गावची आजी आमच्याकडे आली ती त्यानंतर. मुलगा सुरतेला कारखान्यात, घरी दुसरं कुणी नाही. तिने आयुष्यभर शेतात मिरची केली होती आणि दर हंगामाला माल घेऊन नंदुरबारला आली होती. इमारतीत शिरताच तिने नाक वर करून वास घेतला आणि पथारी कुठल्या बाजूला आहे ते बरोबर ओळखलं. चालायची काठी टेकत, हळू, पण चालायची. नव्या आयाने सवयीने तिची काठी घेतली तर आजी गरजली, "मन्ही काठी दे! मी आजून मरनी नही!" बाईंना ती पहिल्या वाक्यातच आवडली.

आजीला एकच हवं होतं. पथारीवर जायचं. रोज सकाळच्या तक्रारीत तिची हीच तक्रार. हंगाम सुरू झाला, मैदान लाल झालं, तसा बाईंनी एका सकाळी आजीला आणि आणखी दोघीतिघींना उन्हाला नेलं. मी बरोबर होते. देठ खुडणाऱ्या बायकांनी जागा करून दिली. आजीने एक मिरची उचलून कानाशी हलवली आणि व्यापाऱ्याच्या माणसाला सुनावलं, "वल्ली शे. आजून ऊन दाखाडा हिले." तो म्हणाला, हो माय. मग हे रोजचं झालं. आजी तिथे जाऊन बसायची, खुडायची, भांडायची. मी तिला इतकी खूश कधी बघितली नव्हती, आणि आमच्याकडे खूश माणसं मोजायची कुणाला सवय नव्हती.

आणि एका सकाळी ती पडली. बाई तिच्या मागेच होत्या, हाताच्या अंतरावर. ताडपत्रीच्या दुमडीत काठी अडकली आणि आजी मिरचीतच आडवी झाली. खुडणाऱ्या बायका धावल्या. माया म्हणून धावल्या. कुणी तिचं डोकं मांडीवर घेतलं, कुणी पदर ओला केला, आणि एकीने आजीच्या डोळ्यांतलं पाणी आपल्या हाताने पुसलं. मिरची खुडत असलेल्या हाताने. आजी अशी किंचाळली की मैदान गप्प झालं. "मन्हा डोया वं! डोया गयात मन्हा!" दुसरीने घाबरून परत तेच केलं. सगळ्यांना वाटलं, डोळ्यांचंच दुखणं आहे. बाई ओरडत होत्या, "मिरचीना हात नका लावा तिले! पानी आना!" आणि त्यांचं लक्ष डोळ्यांकडे नव्हतंच. त्या आजीच्या पायाकडे बघत होत्या. पाय बाहेरच्या बाजूला वळून पडला होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सुरतेला नेऊन ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टरांनी स्पष्ट लिहून दिलं होतं की वॉकर देऊन लगेच उभं करा, रोज चालवा, नाहीतर ही पुन्हा उठणार नाही. ते मी स्वतः वाचलं, अध्यक्षांनीही वाचलं.

चौकशी आमच्याच हॉलमध्ये झाली. आजीला व्हीलचेअरमधून आणून मध्ये ठेवलं होतं. मुलगा सुरतेहून आलेला, डोळे लाल, ड्यूटी करून सरळ गाडीत बसलेला. अध्यक्ष हळहळत होते. वृद्धेला कामाला लावलं, मैदानात नेलं, जीव धोक्यात घातला, असं सगळं त्यांनी बोलून घेतलं. बाई उभ्या होत्या. चौकशीला वरून आलेल्या साहेबांनी विचारलं, तुमची चूक मान्य आहे का? बाई म्हणाल्या, "ताडपत्री आधी बघायला हवी होती. तेवढं माझं चुकलं." माझा कानांवर विश्वास बसला नाही. "पण न्यायला नको होतं, असं मी म्हणणार नाही. उद्या ती उभी राहिली तर उद्या नेईन."

मग आजीला विचारलं, तुम्हाला तिथे जायला कोणी सांगितलं?

"कोनी नही. मी मन्हा पायवर गई. मी पडनी. माले कोनी ढकलं नही." सगळे खाली बघून लिहीत होते, म्हणून ती व्हीलचेअरच्या दांडीवर हात आपटून म्हणाली, "लिखत काय बठनात? माले उभं करा!"

साहेबांनी लिहिलं, 'रुग्णाची मनःस्थिती गोंधळलेली. जबाब ग्राह्य नाही.' मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या खोलीत शुद्धीवर असलेलं ते एकमेव माणूस होतं, आणि तिला गोंधळलेली ठरवून मोकळे झाले. मायला आता उठवू नये, असं मुलाने लिहून दिलं. मला त्याचा रागही येतो आणि येतही नाही. तो बाईंच्या पाया पडत म्हणाला, "बाई, मायले उठाडू नका आते. ती परत पडनी त मी काय करू? माले सुट्टी नही भेटत." त्याला ओव्हरटाइम आणि माय यांत असं कात्रीत पकडणाऱ्यांबद्दल त्या कागदावर काही नव्हतं.

बाईंना त्याच आठवड्यात काढलं. निरोप समारंभ ठेवायचा घाट अध्यक्षांनी घातला होता, शाल आणि नारळ. बाईंनी शाल घेतली आणि पावरी बाबांच्या अंगावर टाकून बाहेर पडल्या. फाटकात त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं काही समजावतील, मोठं काही बोलतील. "ऑपरेशननंतर उभं करायला फार दिवस नसतात हाताशी," एवढंच म्हणाल्या, आणि रिक्षात बसून गेल्या. आता त्या नंदुरबारमध्येच राहतात. मी फोन केला की आधी आजीचं विचारतात. माझं विचारत नाहीत.

मी राहिले. नवीन मॅडम आल्या, त्यांना मॅडम म्हटलेलं आवडतं. वॉर्ड शांत झाला. काठ्या पुन्हा कोठीघरात गेल्या. आजीच्या पलंगाचे कठडे वर आणि वॉकर भिंतीला टेकून, तिला दिसेल पण हात पोचणार नाही असा. ती आधी ओरडायची, मग मागायची, मग नुसती वॉकरकडे बघायची. तिची पिंढरी माझ्या मनगटाएवढी होत चालली होती. मी मॅडमना डॉक्टरांचा कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "सिस्टर, तपासणी तोंडावर आहे. काही झालं तर तुम्ही घ्याल का जबाबदारी?"

हा प्रश्न त्या मला गप्प करायला विचारत होत्या. मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. मी म्हटलं, "घेते. लिहून ठेवा माझं नाव." आणि तिथून सरळ वॉर्डात गेले. दुपारची वेळ, आया जेवत होत्या. मी खिटी काढून कठडा खाली पाडला. त्याचा खणखणाट झाला आणि सगळ्या वॉर्डाने माना वळवल्या. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या, "सिस्टर, सिस्टर" म्हणत. मी आजीचे पाय खाली सोडले, वॉकर पुढे ठेवला, तिच्या काखांत हात घालून तिला उभं केलं. ती थरथरत होती. आम्ही दोघी तशाच उभ्या. तिचं सगळं वजन माझ्या हातांवर होतं, मग थोडं कमी झालं, मग आणखी कमी. मी पकड सैल केली नाही.

आजीने मान वळवून माझ्याकडे चिडून बघितलं.

"धरी काय ऱ्हायनी वं? सोड माले."

मी सोडलं.